एकतीस माणसे, दोन न्हाणीघरे

एकतीस माणसे आणि न्हाणीघरे दोन! बंगल्याच्या रखवालदाराने फोनवर ही वार्ता सांगितली तेव्हा आमच्या वहिनींनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि डोळे मिटून घेतले.

"आणि गिझर?" त्यांनी क्षीण आवाजात विचारले.

"गिझर नाय ताई. बंब हाय. तांब्याचा!" पलीकडून मोठ्या अभिमानाने उत्तर आले.

त्या एका बंबापायी आमचे कुटुंबसंमेलन मोडायच्याच बेतात होते. फोनवरच्या कुटुंबाच्या गटात तासाभरात तीन निरनिराळ्या रिसॉर्टांचे पत्ते आले. प्रत्येकात खोलीगणिक न्हाणीघर, गरम पाणी चोवीस तास, शिवाय सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला. एवढे असूनही आम्ही माथेरानचा तो बंबवाला बंगलाच घेतला. का घेतला, ते सांगायचे म्हणजे आठ वर्षे मागे जायला हवे.

२०१६ साली आम्ही हा प्रयोग एकदा केला होता. लोणावळ्याच्या बाजूला एका झकपक ठिकाणी दोन दिवसांसाठी अकरा खोल्या घेतल्या. व्यवस्थेत बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तोच घोटाळा झाला! ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा दूरदर्शन-संच, ज्याचे त्याचे गरम पाणी. जेवणाच्या वेळी सगळे थाळ्या घेऊन एका रांगेत उभे राहत, "काय, झोप लागली का?" असे एकमेकांना विचारीत आणि आपापल्या कुटुंबाच्या टेबलाशी जाऊन बसत. दोन दिवसांत कुणाचे भांडण झाले नाही, कुणी कुणावर रुसले नाही, आणि खरे सांगायचे तर कुणी कुणाला भेटलेही नाही. परतीच्या वाटेवर आमची आत्या म्हणाली, "स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसलो असतो तरी याहून जास्ती बोललो असतो!"

आडनावाच्या कुलसंमेलनांचा अनुभव पुष्कळ वाचकांना असेल. मंगल कार्यालयात छातीला बिल्ले लावून जमायचे, कुलवृत्तांताची प्रत विकत घ्यायची, गुणी मुलांचा सत्कार पाहायचा आणि मसालेभात खाऊन घरी यायचे. त्यांना मी नावे ठेवीत नाही. आपण कुठल्या गावाहून कधी निघालो हे त्यांच्यामुळेच कळते. पण तिथे भेटतात ते आपले सगोत्र. आपली माणसे भेटायला दुसरेच काही लागते, आणि ते काय, याचा आम्हाला पत्ता नव्हता.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. सांगू की नको असे मनात होते. पण ती गाळली तर बाकीचे सगळे सहलीचे वर्णन होऊन बसेल.

माझे वडील, अण्णा, आणि त्यांचे थोरले बंधू भाऊकाका हे एकमेकांशी सत्तावीस वर्षे बोलत नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यात आमचे वडिलोपार्जित घर होते. जमीन होती ती १९५७ साली कुळकायद्याने कुळांकडे गेली. ती कसणाऱ्यांच्याच नावावर झाली, याबद्दल आमच्या आजोबांनी कधी खळखळ केल्याचे ऐकले नाही. राहिले घर आणि परसातली चार कलमे. मुलगे नोकरीसाठी एकामागून एक मुंबईला आले. आजोबा १९७९मध्ये गेले आणि घराला कुलूप लागले. कोकणातल्या कुलूपबंद घराचे काय होते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात शाकारणी करून कौले सारखी केली नाहीत, तर पाऊस आढ्यातून थेट देवघरात येतो. ही शाकारणी भाऊकाका अठरा वर्षे करून घेत होते. १९९७ साली त्यांनी कुलमुखत्यारपत्राच्या आधारे ते घर विकले आणि विसार घेतल्यावर भावंडांना कळवले. प्रत्येकाचा वाटा पैनपै चुकता केला. अण्णांनी पैसे घेतले, आणि त्या दिवसापासून भाऊकाकांचे नाव घेतले नाही.

या अबोल्याची सगळ्यांत मोठी झळ बसली ती आत्याला. दोन भावांत एकुलती बहीण. सत्तावीस वर्षे तिने भाऊबीज दोन पाळ्यांत केली. सकाळी भाऊकाका, संध्याकाळी अण्णा. सकाळच्या ओवाळणीचे तबक ती दुपारी घासून पुसून ठेवी आणि संध्याकाळी पुन्हा निरांजन लावी. आम्ही चुलत भावंडे मात्र या काळात एकमेकांच्या घरी खुशाल जात-येत होतो. फोन हातात धरून डोळे मिटणाऱ्या वहिनी म्हणजे भाऊकाकांच्या सूनबाई, आणि त्यांच्या शेजारी बसून हिशेब मांडणारी मी अण्णांची मुलगी!

डिसेंबर २०२४मध्ये आत्याला ऐंशीवे वर्ष लागणार होते. काय हवे म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "मला शालू नको नि सत्कार नको. माझे दोन्ही भाऊ तीन रात्री एका छपराखाली झोपलेले मला पाहायचेत." हा निरोप दोन्ही घरी पोचला. त्यावर 'नाही' म्हणायची छाती दोघांनाही झाली नाही.

आता ते छप्पर कुठले? अण्णांचे घर चालणार नव्हते, भाऊकाकांचे चालणार नव्हते, आणि तिसरे जे होते ते विकले गेलेले. तेव्हा कुणाचेच नसलेले छप्पर हवे होते. पुणेकर, मुंबईकर, बडोद्याची मंडळी आणि अमेरिकेतून येणारा माझा पुतण्या या सर्वांना सोयीचे म्हणून माथेरान निघाले. मुंबईचे लोक कर्जतच्या लोकलने नेरळला उतरतात. पुण्याचे लोक कर्जतपर्यंत येऊन दोन स्टेशने मागे येतात. माथेरानचा दुसरा गुण म्हणजे तिथे मोटार जात नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी उभी करायची आणि पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर छोट्या आगगाडीने जायचे. २००३ साली सरकारने हा सगळा टापू पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. पण वाहने नसण्याची चाल त्याच्याही कितीतरी आधीची आहे. याचा कुटुंबसंमेलनाला एक फायदा आहे, तो आम्हाला मागाहून कळला. रागावलेल्या माणसाला गाडी काढून निघून जाता येत नाही!

माथ्यावर रान म्हणून माथेरान, असे म्हणतात. मे १८५०मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले आणि पुढे पाच-दहा वर्षांत गव्हर्नर एल्फिन्स्टनसाहेबांपासून बड्या लोकांचे बंगले इथे उठू लागले. साहेबांच्या पाठोपाठ मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती धनिक आले. जांभ्याची जोती, मंगलोरी कौले, घराला वेढा घालणारा व्हरांडा आणि भोवती जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाट सावली, असे त्यांचे बंगले अजून रानातून डोकावतात. काहींची पार रया गेली आहे, काहींची हॉटेले झाली आहेत, आणि थोडे असे आहेत की मालक वर्षातून आठ दिवस येतात आणि एरवी ओळखीपाळखीने भाड्याने देतात. आमचा या तिसऱ्या जातीचा. माथेरान म्हणजे केवळ साहेबाचे आणि शेठजींचे, असे मात्र कुणी समजू नये. १९४३च्या जानेवारीत सिद्धगडावर गोळ्या झेलणारे हुतात्मा भाई कोतवाल याच डोंगरावर १९१२ साली जन्मले, आणि पुढे इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले.

छोट्या गाडीची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या चिरंजीवांनी, अब्दुल हुसेन यांनी, ही दोन फुटी रुळांची लाइन १९०४मध्ये सुरू करून १९०७मध्ये पुरी केली. नेरळपासून माथेरान अवघे एकवीस किलोमीटर. पण गाडी डोंगराला वेटोळे घालीत, एका इवल्याशा बोगद्यातून अशी सावकाश जाते की अडीच-पावणेतीन तास घेते. २००५च्या महापुरात रूळ वाहून गेले. २०१६मध्ये डबे घसरल्यामुळे गाडी पावणेदोन वर्षे बंद होती. २०१९च्या पावसाने पुन्हा दाणादाण केली, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये ती नेरळहून पुन्हा चढू लागली. इतक्या वेळा मोडून इतक्या वेळा जोडली गेलेली गाडी आमच्या कुटुंबाला शोभण्यासारखीच होती.

तिकिटे मिळाली अकरा. तीही माझा भाऊ नि भाचा पहाटे काळोखात नेरळच्या खिडकीशी उभे राहिले म्हणून. ती म्हाताऱ्यांना आणि मुलांना दिली, मीही त्यांत एक. बाकीचे टॅक्सीने दस्तुरीला गेले. भाऊकाका पुढच्या डब्यात बसले. ते पाहून अण्णा शेवटच्या डब्यात बसले. आत्या मधल्या डब्यात बसली आणि जुम्मापट्टीच्या थांब्यावर खाली उतरून तिने दोन्हीकडे आलेपाकाच्या वड्या पोचत्या केल्या.

माथेरान स्टेशनावर एक गंमत झाली. बंगला तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर. म्हाताऱ्यांसाठी आम्ही हातरिक्षा ठरवायला गेलो, तर भाऊकाकांनी काठी आपटली. "माणसानं माणसाला ओढायचं? मी चालत येतो." (पुढे ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले आणि सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला, पण भाऊकाकांनी तो आठ महिने आधीच दिला होता.) मागून अण्णा आले. त्यांच्यासाठी दुसरी रिक्षा पुढे केली, तर तेही, "छे! माणसानं माणसाला ओढायचं?" शब्दसुद्धा तेच! शेवटी शहाऐंशी आणि ब्याऐंशी वर्षांचे दोन म्हातारे त्या तांबड्या वाटेने वीस पावलांचे अंतर राखून काठ्या टेकीत चालू लागले. मधेच भाऊकाका थांबले, वाकले, आणि चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. त्या जागी पोचल्यावर अण्णाही थांबले. वाकले मात्र नाहीत, काठीच्या टोकाने उकरून पाहिले. जांभ्याची ती लाल माती. त्या दोघांना ती ओळखीची होती, हे कुणी सांगायला नको होते.

बंगला पाहून तरुण मंडळींचे चेहरे उतरले. एक मोठा दिवाणखाना, चार खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगणात न्हाणीघरे आणि त्यांच्या दाराशी तो प्रसिद्ध बंब. लग्नाच्या जानवसघरात असते तशी व्यवस्था लावली. बायका आणि लहान मुले खोल्यांत, पुरुष दिवाणखान्यात गाद्या टाकून. दिवाणखान्यात लोखंडी खाटा दोनच होत्या. त्या वयाच्या मानाने थोरल्या दोघांना देणे ओघानेच आले. दोन खाटांत अंतर असेल चार फुटांचे. कुणीही मुद्दाम केले नव्हते, यावर वहिनींनी आणि मी आजतागायत शपथा घेतल्या आहेत.

असा बेत करू पाहणाऱ्या गृहिणींसाठी दोन शब्द इथेच सांगून टाकते. एकतीस माणसांना एका वेळच्या पोह्यांना तीन किलो पोहे लागतात, आणि ते एका कढईत होत नाहीत. दोन वेळा फोडणी करावी लागते. डाळ, तांदूळ, भाजणी, मेतकूट घरून न्यावे. माथेरानात मिळत नाही असे नव्हे, पण प्रत्येक जिन्नस हमालाच्या डोक्यावरून, हातगाडीवरून किंवा घोड्याच्या पाठीवरून वर येतो, आणि ती पाठ दुकानदार फुकट वापरीत नाही. व्हरांड्यात खाण्याचे काही क्षणभरही ठेवू नये. आमचा चकल्यांचा डबा पोचल्या दिवशीच एका माकडिणीने नेला आणि समोरच्या जांभळीवर बसून, झाकण नीट उघडून खाल्ला. तांबडी धूळ पांढऱ्या कपड्यांतून जात नाही. आणि कामे आधी वाटून देऊ नयेत. आम्ही कागदावर तक्ता करून नेला होता. पहिल्याच संध्याकाळी तो पिठल्याच्या पातेल्याखाली गेला आणि कामे आपोआप वाटली गेली. कांदे चिरताना माझ्या शेजारी बडोद्याची भाचेसून होती. लग्न होऊन सात वर्षे झाली तिला; तिचा आवाज इतका गोड आहे हे मला त्या कांद्यांपाशी कळले.

पहिल्या रात्री पिठले-भात झाला. दिवाणखान्यात सगळे ऐसपैस बसले. पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी, जन्मापासून न्यू जर्सीत वाढलेली, अण्णांना म्हणाली, "पणजोबांचं घर कसं होतं, दाखवा ना!" फोटो एकही नव्हता. अण्णांनी खडू मागितला आणि फरशीवर घर काढायला घेतले. ओटी झाली, पडवी झाली, माजघर झाले. मुले भोवती कोंडाळे करून बसली.

खाटेवरून भाऊकाका मुलीला म्हणाले, "त्यांना म्हणावं, माजघराला दोन दारं होती."

अण्णा मान वर न करता म्हणाले, "त्यांना सांग, दुसरं दार चौसष्ट साली बुजवलं."

"बासष्ट."

मुलगी बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. तिला वाटले हा काही खेळच आहे! देवघर झाले, परसू झाले, विहिरीपर्यंत घर आले. अण्णांनी विहिरीला सात पायऱ्या काढल्या.

"नऊ," खाटेवरून आवाज आला.

अण्णांचा हात थांबला. या वेळी मुलीला मध्ये न घालता ते सरळ म्हणाले, "आता मोजायला कुठं जायचं? विकायच्या आधी तुम्ही एक पोस्टकार्ड टाकलं असतंत, तर मोजून तरी आलो असतो."

आमच्या घरात धाकटा भाऊ थोरल्याला 'अरे-तुरे'च करतो. ते 'तुम्ही' ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला.

भाऊकाका उठून बसले. "पोस्टकार्ड? अठरा वर्षं दर एप्रिलात टाकत होतो मी पोस्टकार्डं. वासा मोडलाय, इतकी कौलं फुटली, इतका खर्च आला. एकाला तरी उत्तर आलं?"

"मागितले असतेत तर पैसे दिले नसते का?"

"पैशाची गोष्ट नव्हती ती!"

"माझीही पैशाची नव्हती!"

दोघेही एकदम गप्प झाले. एकतीस माणसांच्या त्या घरात रातकिड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर तोंडाशी नेला होता, आणि उद्या तिचा वाढदिवस होता.

रिसॉर्ट असते, तर या क्षणी दोन दारे धाडकन लागली असती. सकाळी दोन टॅक्स्या आल्या असत्या आणि सत्तावीस वर्षांत आणखी दहा वर्षांची भर पडली असती. इथे लावून घ्यायला दारच नव्हते! भाऊकाका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अण्णा थोडा वेळ खडूकडे पाहत बसले आणि मग चार फुटांवरच्या आपल्या खाटेवर जाऊन दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून निजले. कुणीतरी दिवा मालवला.

मला झोप अशी लागलीच नाही. पहाटे पाचच्या सुमारास धुराचा वास आला. उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, तर अंगणात बंबापाशी भाऊकाका कानटोपी घालून पाटावर बसलेले.

आदल्या संध्याकाळी हा बंब आमच्या इंजिनिअर भाच्याने पेटवायचा घाट घातला होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतायचे आणि तोटीने कढत घ्यायचे, इतके सोपे यंत्र. पण अर्धी आगपेटी आणि दोन वर्तमानपत्रे संपली, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, आणि पाणी कोमट म्हणायच्या लायकीचेसुद्धा झाले नाही. भाऊकाका तेव्हा काही बोलले नव्हते. आता ते फुंकणीने फुंकीत होते आणि धूर त्यांच्याच तोंडावर येत होता.

मागच्या दाराची कडी वाजली. अण्णा शाल पांघरून बाहेर आले. क्षणभर उंबऱ्यात उभे राहिले. मला वाटले, हे आता परत फिरणार.

"राख काढली नाहीस तर ओढ कशी लागणार, भाऊ?" अण्णा म्हणाले.

"काढतोय ना. चिमटा दे."

"तुझ्या पायाशीच आहे."

भाऊकाकांनी चिमटा उचलला. अण्णांनी दुसरा पाट ओढला आणि बसून ढलप्या वेचायला सुरुवात केली. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, "नाना ढलप्या उभ्या रचायचे."

"तिरक्या."

"उभ्या!"

"अरे, मी आठ वर्षं त्या घरचा बंब पेटवलाय. तू तेव्हा दुपट्यात होतास."

"दुपट्यात कसा असेन? मीच तर विहिरीवरून पाणी आणून ओतायचो."

"सात पायऱ्या चढून?" भाऊकाकांनी विचारले.

यावर अण्णा काय म्हणाले ते मला नीट ऐकू आले नाही, कारण मागे कुणीतरी नाक ओढले. पाहते तो आत्या माझ्या खांद्याशी उभी! तिने मला गप्प राहायची खूण केली आणि हळूच स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. बाहेर आता बंबाने चांगला पेट घेतला होता. ढलप्या उभ्या रचल्या की तिरक्या, हे मी विसरले पाहायला.

त्या दिवसापासून बंब हा त्या दोघांचा झाला. सहा वाजता ते अंगणात ठाण मांडून बसत आणि एकेकाला कढत पाण्याची बादली मोजून देत. नियम एकच: जो बादली काढील त्याने बादली ओतली पाहिजे, बंब रिकामा पेटता राहिला तर जोड सुटतात. जो ओतायला विसरे, त्याच्यावर दोन बाजूंनी तोफ सुटे. शहाऐंशी आणि ब्याऐंशीच्या त्या जोडीला भिऊन पोरे ओळीने, तांबड्या-बादल्या घेऊन थंडीत कुडकुडत उभी राहत. दोन न्हाणीघरांत एकतीस अंघोळी सव्वानऊपर्यंत उरकत. वहिनींना शेवटपर्यंत हे गणित सुटले नाही.

वाढदिवसाला उकडीचे मोदक केले. मोदकपात्रात एका वेळी अकरा बसतात. नऊ वेळा ते भरले. नारळ खोवायला न्यू जर्सीचा पुतण्या बसला आणि पहिल्या नारळाबरोबर थोडे बोटही खोवून घेतले. कळ्या पाडायला वहिनींनी इंजिनिअर भाच्याला शिकवले, आणि त्याचे मोदक सर्वांत रेखीव झाले. आत्याने दोन्ही भावांना शेजारी शेजारी पाटावर बसवले आणि तिथीवार काही न पाहता ओवाळले. सत्तावीस वर्षांनी एका पाळीत! अण्णांनी तबकात घालायला खिशात हात घातला तर पाकीट आत राहिलेले. भाऊकाकांनी न बोलता आपल्या पाकिटातून दोन नोटा काढल्या, एक त्यांच्या हातात दिली, एक स्वतः घातली. ती नोट अण्णांनी पुढे परत केली की नाही, हे मी विचारले नाही.

रविवारी फिरणे झाले. तरुण मंडळी पॅनोरमाला गेली. त्यांनी शेकरू पाहिल्याचे सांगितले. आम्ही जरा जुनी माणसे शार्लोट तलावापर्यंत जाऊन पिसरनाथाचे दर्शन घेऊन आलो. परतताना दोघे म्हातारे पुढे चालत होते, काठ्यांचा ताल एक. मी मागेच होते. अण्णांनी विचारले, "शेवटच्या वर्षी शाकारणीला किती आले होते?"

"चार हजार सहाशे," भाऊकाका तत्काळ म्हणाले. "वरती गड्यांचा चहा-चिवडा."

त्यानंतर बंगला येईपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. फक्त एका चढावर भाऊकाकांची काठी घसरली तेव्हा त्यांनी त्यांचे कोपर धरले, आणि चढ संपल्यावरही ते सोडायचे विसरले.

त्या दोघांमधला हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही. घर का विकले, न विचारता का विकले, यावर तीन दिवसांत पुन्हा शब्द निघाला नाही. फरशीवरचे खडूचे घर मात्र कुणी पुसले नाही. लोक त्याच्या ओटीवरून, पडवीवरून जपून पाय टाकीत जात होते. सोमवारी सकाळी केर काढताना रखवालदाराच्या बायकोने विचारले, "पुसू का वो?" आत्या म्हणाली, "आम्ही गेल्यावर पूस." विहिरीच्या पायऱ्यांपाशी कुणीतरी सातावर आणखी दोन काढल्या होत्या, त्या अण्णांच्या हाताच्या नव्हत्या.

निघायच्या आधी व्हरांड्यात हिशेब झाला. भाडे, गॅस, भाजी, हमाली, घोडे आणि रखवालदाराची बक्षिसी सगळे वजा जाता वर्गणीतून सहाशे चाळीस रुपये उरले. रखवालदार म्हणाला, पुढल्या डिसेंबराला बंगला हवा तर मालकाला आतापासूनच कळवावे लागेल, थोडा विसारही द्यावा लागेल.

'विसार' हा शब्द ऐकताच वहिनींनी माझ्याकडे पाहिले.

भाऊकाकांनी सहाशे चाळीस रुपये उचलून अण्णांपुढे धरले. "तू ठेव. विसारात घाल. आणि द्यायच्या आधी सगळ्यांना विचार."

"मी विचारतोच," अण्णा म्हणाले. त्यांनी पैसे पाकिटात घातले, पाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहिला आणि ते भाऊकाकांना दाखवले. भाऊकाकांनी चष्मा लावला, पाकीट उघडले, आणि नोटा पुन्हा एकदा मोजून पाहिल्या.